धाकट्याच्या नावची मूठ

श्रावणात आमच्याकडे खानदेशात कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू वेगळे काढायचे, ही रीत. आमच्या घरात पुरुष दोन, मी आणि माझा मुलगा. आई मात्र गहू तिघांचे काढायची. तिसरी मूठ माझ्या धाकट्या भावाची.

भाऊ थाळनेरचा पडका किल्ला बघायला गेला, तो परत आलाच नाही. तापीच्या काठावर चपला सापडल्या, तो सापडला नाही. त्याला असल्या जागांचं वेडच होतं. सुटी मिळाली की लळिंग, पारोळा, पाटणादेवी. "दगडं बघून पोट भरतं का रे?" म्हणून मी त्याला चिडवायचो. आता सुटी मिळाली की मीच थाळनेरला जातो. नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर मागून कुणी येतंय असं वाटतं. मी वळून बघत नाही. भुताला मी भीत नाही, मागे कुणीच नसेल याला भितो.

आईच्या त्या तिसऱ्या मुठीवरून मात्र दरवर्षी माझं डोकं फिरायचं. "मेलाय तो, आई. मेलेल्याची मूठ काढत नसतात." ती ऐकून घ्यायची आणि गहू काढायची. रोट परक्याला द्यायचा नसतो, घरच्यांनीच संपवायचा असतो. त्याच्या वाट्याचा तीच गुपचूप खायची.

यंदा कानबाईच्या आधी ती म्हणाली, "माले तठे लई चाल."

मी तिला थाळनेरला घेऊन गेलो. किल्ल्याची ढासळलेली भिंत दाखवली, महादेवाचं देऊळ दाखवलं. मग जुन्या सुलतानांच्या कबरींवरच्या घुमटांपैकी एकात शिरलो. आत गारवा होता. गावातली एक मुसलमान बाई अगरबत्ती लावून कबरीवरची धूळ पदराने पुसत होती.

"कोनी कबर शे, बाई?" आईने विचारलं.

"माले काय माहीत, अक्का? राजा व्हता म्हनतस. आते त्याले कोनी नही, म्हनीसन मी येस."

आईने तिच्याकडून एक अगरबत्ती मागून घेतली. घुमटाच्या दारातून तापी दिसते, तिथे मातीत खोचली आणि मोठ्याने रडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. आत घुमटातही कुणीतरी रडत होतं. घुमटात आवाज घुमतो, हे मला ठाऊक आहे. तरी मी तिचा हात घट्ट धरला.

गहू काढायच्या दिवशी तिने सूप माझ्या पुढ्यात सरकवलं. "औंदा तेनी मूठ नको काढू. गया तो."

मला तर हेच हवं होतं. मी माझे गहू काढले, मुलाचे काढले. उठायला हवं होतं, पण हात पुन्हा पोत्यात गेला. तिसरी सव्वा मूठ सुपात पडली तेव्हा आई बघत होती.

रोट झाले, आम्ही जेवायला बसलो. भावाच्या वाट्याचा रोट आईने उचलला आणि माझ्या ताटात ठेवला.