लेथची वायर

त्या मृत्यूची फाइल बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण माझ्या मनातून ती गेलेली नाही.

आष्ट्याजवळच्या एका गावात, लष्करातून निवृत्त झालेला एक माणूस घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लोखंड कातायच्या लेथ यंत्रावर काम करताना विजेच्या धक्क्याने गेला. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली. दुसऱ्या दिवशी ठाण्यात निनावी फोन आला, धाकट्या भावाला विचारा म्हणून. बांधावरून दोघांचं वर्षभर बोलणं बंद होतं. विधवेनेही जबाबात तेच सांगितलं.

पुन्हा पंचनाम्याला गेलो. लेथवर अर्धवट कातलेली दांडी तशीच होती, खाली लोखंडाचा ताजा कीस. सोबतच्या वायरमनने मोटर पाहिली आणि घराचा मीटर पाहिला. म्हणाला, "साहेब, ही मोटर थ्री फेजची. घरात सिंगल फेज आहे. त्याच्यावर दिवे, पंखे चालतील, ही जागची हलणार न्हाई."

मग लेथ चालला कशावर? शेडमागे धाकट्याच्या उसाला पाणी देणारा थ्री फेजचा पंप होता. त्याच्या पेटीवर वायर नुकतीच काढल्याच्या खुणा होत्या. मला वाटलं, खुनी सापडला.

धाकट्याला ठाण्यात आणून तासभर बसवलं. वायर कुठाय विचारल्यावर तो रडू लागला.

"वर्सानं दादा दारात आला साहेब. शेडमधल्या कारखान्याचं कनेक्शन मिळंपर्यंत पंपावरनं लाइन दे म्हणला. न्हाई कसं म्हणू? त्यो गेल्यावर वायर मीच काढली. शेतीची लाइन वापरली म्हणून दादाला वीजचोर म्हणत्याल वाटलं."

वायर उसात सापडली. तिच्यात तीनच तारा होत्या, तिन्ही मोटरला लागलेल्या. गळणारी वीज जमिनीत उतरवणाऱ्या अर्थिंगला चौथी नव्हतीच. मोटरची वीज लेथच्या अंगात उतरली आणि थोरल्याने त्यावर हात ठेवला.

धाकट्यावर हयगयीचा आणि पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा मला दाखल करावाच लागला. कागद करत असताना विधवा आली. तिने दिराला एवढंच विचारलं, "भावजी, ते बोललं का तुमच्यासंगं?"

"व्हय वैनी. च्या पण घेतला."

ती भिंतीला टेकून खाली बसली.

त्यानंतर पुरावा लपवणारा माणूस समोर आला की मी आधी विचारायचो, कोणासाठी लपवलंस? त्या दिवशी तो प्रश्न मला सुचला नव्हता. भाऊ नुकताच गेलेला असताना तासभर मी त्याला खुनी म्हणून बसवून ठेवलं होतं.