कुंपणातून येणारा हात

मोशीतल्या माझ्या घरापुढच्या चिमुकल्या बागेत मी मारवेल लावलं. हो, गवत! मुद्दाम ठोंबं आणून, पाणी घालून. पावसाळा सरला की त्याला जांभळट तुरे येतात आणि असे डोलतात की माझा चहा निवून जातो. पण यंदा तुरे धरायच्या आत रोज एक ठोंब गायब!

चोर सकाळी सापडला. चाकणच्या कंपनीची बस माझ्या फाटकापाशी थांबते. तिची वाट पाहणारे, गळ्यात ओळखपत्र अडकवलेले एक गृहस्थ डोळे रस्त्याकडे ठेवून कुंपणातून हात घालत, ठोंब मुळासकट उपटत आणि माती झटकून बाजूला नीट ठेवत होते.

"अहो, ते मी लावलंय!" मी किंचाळलो.

"गवत? लावलंय?" ते पोट धरून हसले. "मारवेल बांधावर शोभतंय राव, वाफ्यात न्हाई."

"पण उपटता कशाला?"

ते स्वतःच्या हाताकडे बघत म्हणाले, "आमचं रान कंपनीत गेलं. ह्या हाताला त्ये कुणी सांगितलंच न्हाई."

आता यावर काय कपाळ भांडणार? मी युक्ती केली. कुंपणालगत केना आणि आघाडा माजू दिला. म्हटलं, त्यांच्या हाताचं भागेल आणि माझे तुरे वाचतील. त्यांनी ते तण रोज मन लावून उपटलं. काल शेवटचं रोप काढलं, हात झटकले आणि बसच्या पायरीवरून आनंदानं ओरडले, "सायेब, आता निस्तं मारवेल ऱ्हायलंय. उद्या त्येबी काढून देतो!"