मैनेचा चहा

राईस मिलच्या मागे कोंड्याचा ढीग कसा वाढतो, ते चंद्रपूरकडच्या आमच्या मूल गावात कोणी लक्ष ठेवून पाहत नाही. एक दिवस सहज मान वळवावी तर तो छपराला टेकलेला. मनोहरभाऊंच्या कादंबरीचे किस्सेही माझ्या दुकानात असेच जमले.

दुकान टायपिंग आणि झेरॉक्सचं. दर रविवारी मनोहरभाऊ हातानं लिहिलेलं नवीन प्रकरण आणतात, मोठ्यानं वाचतात, मग मी ते टाईप करतो. ऐकायला त्यांच्या पत्नी कुसुमबाई आणि तलावावर मासोळी धरणारा गजानन. गजानन माल विकून थेट इकडेच येतो, म्हणून टोपली बाहेर ठेवायची, एवढा एकच नियम मी केला. तोही तो पाळत नाही.

*

मनोहरभाऊ पोलिसातून हेडकॉन्स्टेबल म्हणून रिटायर झाले. अर्धी नोकरी गडचिरोलीच्या जंगलात गेली. कुसुमबाईंना रहस्यकथांचं भारी वेड. वाचनालयातून पुस्तक आलं की पाव भागातच खुनी ओळखतात आणि भाजी चिरता चिरता त्याचं नाव सांगून मोकळ्या होतात. तेच पुस्तक भाऊ अजून वाचत असतात, याच्याशी त्यांना काही घेणंदेणं नाही! जन्मभर हे सोसल्यावर भाऊ एक दिवस भडकले.

"आता मीच लिहितो. तू ओळखून दाखव. ओळखलं तर छापतच नाई, गठ्ठा चुलीत टाकतो."

"लिहा ना," बाई म्हणाल्या. "मी इथीच आहे."

*

कथेत एक इन्स्पेक्टर आणि त्याच्या मोबाईलमध्ये राहणारी मैना. मैना म्हणजे एआय. ती आवाजावरून माणूस घाबरला की नाही ते सांगते, फोटो पाहून हिशोब लावते आणि इन्स्पेक्टरची चूक काढते. ही शेवटची सवय तिला कुठून लागली, ते मी भाऊंना विचारलं नाही. कुसुमबाई समोरच बसल्या होत्या.

पहिलंच प्रकरण. इन्स्पेक्टर एका घरी चौकशीला जातो, त्याला चहा येतो, मैना टेबलावर पडून प्रश्न विचारते. गजाननने वाचन थांबवलं. बाई संगं आली आणि तिला कोणी चहा विचारला नाही, हे कोणतं घर, असं त्याचं म्हणणं. भाऊंनी समजावलं की ती मशीन आहे, तिला तोंड नाही.

"ते मले समजते," गजानन म्हणाला. "पण विचाराले का जाते?"

भाऊंनी खूप वाद घातला आणि मुकाट्यानं प्रकरण बदललं. तेव्हापासून कादंबरीत मैना ज्या घरी जाते, तिथे कोणी ना कोणी तिला चहा विचारतं. मग मैना म्हणते, "नको, आत्ताच झाला."

अख्ख्या पुस्तकात मशीन खोटं बोलते ती फक्त इथेच.

*

एआय कसं बोलतं ते पाहायला भाऊंनी मोबाईलवर खरंच एक घेतलं. पलंगावर आडवे होऊन त्यांनी आपल्या भाषेत विचारलं, "काऊन बा, मिलमंदी खून झाला तं आधी का पाहाचं?" त्याच्यावर मोबाईलमधून भारदस्त आवाज आला की आपण नमूद केलेल्या घटनास्थळाबाबत कृपया अधिक तपशील द्यावा.

भाऊ उठले, टाचा जुळवल्या आणि सावधान उभं राहून तपशील देऊ लागले. दर वाक्याला "होय सर."

कुसुमबाई स्वयंपाकघरातून आल्या, थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "बसा. त्याले दिसत नाई."

*

मैनेची खरी अडचण रेंजची. भाऊंना जंगलाकडची परिस्थिती पक्की ठाऊक, त्यामुळे खोटं लिहवेना. मैना एखादा धागा सांगायला लागली की निम्म्यातच गप्प होते. मग इन्स्पेक्टर पुरावा हातात घेऊन तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चढतो, कारण गावात रेंज तिथेच. इन्स्पेक्टर इतक्या वेळा पाळीवर चढला की गजाननला त्याची काळजी वाटू लागली. त्यापेक्षा खूनच पाळीवर करा, बिचाऱ्याचे पाय तरी वाचतील, असं त्यानं सुचवलं.

*

खून होतो तो राईस मिलच्या मालकाचा. ही बातमी बाहेर फुटली आणि एका रविवारी वाचन चालू असताना एक खरे मिलमालक गाडी घेऊन दुकानासमोर हजर. मी मनात म्हटलं, आता अब्रूनुकसानीचा दावा. त्यांनी खुर्ची ओढली आणि मेलेला माणूस आपणच का, ते सरळ विचारलं. भाऊ चाचरत म्हणाले की तसं काही नाही, सगळं मनातलं आहे.

"असू द्या ना मीच," ते म्हणाले. "पण मिल एवढीशी काऊन दाखवली? जरा मोठी करा."

आता पुस्तकात मिल एवढी मोठी झाली आहे की खुनी तिच्यात पळता पळता दमतो.

*

मग आला शेवटच्या प्रकरणाचा रविवार. खुन्याच्या नावाआधी भाऊ थांबले आणि गठ्ठा मांडीवर उलटा ठेवला. चूल की छापखाना, ते आता ठरायचं होतं. गजानन लगेच मिलचा मुनीम म्हणाला. त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

कुसुमबाईंनी भाऊंच्या मांडीवरच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. "मुनीमच असन," त्या म्हणाल्या.

"चुकली," भाऊ इतकं हळू म्हणाले की आम्हाला जेमतेम ऐकू आलं. मग त्यांनी नाव वाचलं. खुनी मेलेल्याचा व्याही.

"अव माय, व्याही?" बाईंनी गालावर हात ठेवला.

घरी जाताना भाऊंनी पानठेल्यावर सांगितलं, सायकलवाल्याला सांगितलं, देवळासमोर बसलेल्यांना सांगितलं. इतका खूश माणूस मी फार दिवसांनी पाहिला. मलाही बरं वाटलं.

सोमवारी चंद्रपूरच्या छापखान्यात फाईल पाठवायला बसलो, तर कुसुमबाई भाजीची पिशवी घेऊन एकट्याच आल्या. फाईल गेली का, विचारलं. नाही म्हटलं.

"पाचवं प्रकरण काढा. मैना व्याह्याच्या घरी जाते ते."

मी काढलं.

"सगळ्या घरी मैनेले चहा विचारते. या एकाच घरी विचारत नाई."

मी वर-खाली करून पाहिलं. खरंच नव्हतं. ऐकताना माझ्या लक्षात आलं नव्हतं, आणि चहासाठी भांडणाऱ्या गजाननच्याही नाही.

"आमच्या यायच्या हातून राहून गेलं असन. मनात खुनी ठरला ना, मग त्याच्या तोंडी चांगलं कुठून येते?" बाई म्हणाल्या. "तेवढी ओळ लिहून घ्या. नाईतर कोणी बी ओळखन. आन यायले सांगू नका."

मी टाईप केलं. व्याह्यांनी मैनेला चहा विचारला. मैना म्हणाली, "नको, आत्ताच झाला." बाईंनी वाकून दोन्ही ओळी वाचल्या आणि मान हलवली.

मी फाईल बंद केली. म्हटलं, "बाई, बसा, चहा सांगतो."

"नको," त्या पिशवी उचलत म्हणाल्या, "आत्ताच झाला."