नाना पंगतीला बसले

अभिमन नाना सरकारच्या महारोग खात्यात होते. एरंडोलच्या खेड्यांतून सायकलवर हिंडायचं, कोणाच्या अंगावर बधिर चट्टा दिसतो का पाहायचं, गोळ्या पोचवायच्या. एका घरात रोगी असला की नाना आळीतल्या सहा घरांत शिरायचे, सगळीकडे पाणी मागायचे, सगळ्यांचेच हात उलटेसुलटे करून पाहायचे. म्हणजे नेमकं दार कोणाला कळायला नको. साहेब ओरडायचे, नाना मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रोग्याचं नाव बायकोलाही सांगायचे नाहीत. असं गुपित जपा म्हणणारा कायदा तेव्हा नव्हता. महारोगावरून काडीमोड देणारा मात्र होता!

त्यांच्याच फिरतीतल्या एका गावच्या रुपचंदच्या पोरीला, पुष्पाला, चौदाव्या वर्षी पाठीवर चट्टा उठला. नानांनी दोन वर्षं गोळ्या दिल्या. पोरगी खडखडीत बरी झाली, गावाला मागमूस लागला नाही. अठ्ठ्याऐंशी साली तिचं लग्न ठरलं आणि ती हट्टाला पेटली, नाना हवेतच. नानांनी दहा सबबी सांगून पाहिल्या. शेवटी मायेपुढे अक्कल गहाण पडली आणि हा शहाणा माणूस नवा सदरा घालून लग्नाला गेला.

पंगतीत रुपचंद स्वतः त्यांना आग्रहाने वाढत होता. वऱ्हाड चोपड्याकडचं, नाना पूर्वी त्याच भागात फिरलेले. समोरच्या पानावरून वऱ्हाडातला लोटन म्हातारा हरखून ओरडला, "अरे, महारोगना साहेब! आमना गावले येत व्हतात ना तुम्ही? आठे ह्या गावमा कोनाकडे?"

बिचाऱ्याच्या मनात काही पाप नव्हतं. पण घरोघर बेमालूम थापा मारणारे नाना नेमके तिथे अडखळले. रुपचंदचा चेहरा पांढराफटक पडला, आणि जे समजायचं ते वऱ्हाडाला समजलं.

लग्नानंतर पुष्पा पहिल्या मुळाला माहेरी आली. तिला परत न्यायला कोणी आलंच नाही. महिन्याभराने वकिलाचा कागद तेवढा आला.

नाना धावत गेले. ओट्यावर बसून पोरासारखे रडले. "बेटा, तुना संसार मी मोडा."

"तुम्ही कोनले काय सांगं, नाना?" पुष्पा म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते. "लगीनले बलायं तं मीच. इतला वरीस कोनले सांगता उनं नही, तुम्ही मना कोन शेतस. एक दिन तरी तुमले चारचौघांमा मानना पाटवर बसाडू, आसं वाटनं."