बाजोटावरची जागा

मुकुंद गेल्याचा फोन वसुधावहिनींनी स्वतः केला. दुपारची वेळ होती, देवासच्या घरी मी जेवून हात धूत होतो. "भाऊजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. सगळी नोकरी हिंदी दैनिकाच्या डेस्कवर झाल्यामुळे माझ्या तोंडून आधी प्रश्नच निघाला, "कधी? कशानं?" त्या म्हणाल्या, "बातमी लिहायची आहे का?" हे बोलणं मुकुंदचं होतं. इतक्या वर्षांच्या संसारात ते त्यांच्याकडे आलं होतं. सकाळी चहा घेऊन तो पुन्हा पडला आणि उठला नाही, असं त्यांनी सांगितलं. संध्याकाळी मी धारला पोचलो, तेव्हा अंगणात इतकी माणसं होती की मला फाटकाबाहेर उभं राहावं लागलं. मुकुंदच्या बाबतीत हे नेहमीचंच होतं.

आम्ही दोघं देवासचे, एका गल्लीत वाढलेले. दोघांचेही पूर्वज दरबाराच्या चाकरीत या बाजूला आले. घरात मराठी, शाळेत हिंदी आणि रस्त्यावर माळवी, असं आमचं बालपण गेलं. पुढे तो धारच्या शाळेत चित्रकला शिकवायला लागला आणि मी बातम्या तपासायला. दिवाळीनंतर थंडी पडली की आम्ही सायकलींवर नर्मदेच्या खोऱ्यात उतरायचो. बसच्या टपावर सायकल टाकून मी धारला जायचो, दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं. नालछ्याला पोहे, मग मांडवगडची वाट बाजूला ठेवून घाट उतरायचा आणि धरमपुरीला नदी गाठायची. नावाड्याशी बोलून सायकली होडीत आडव्या टाकायच्या. पलीकडे कापूस, मिरची, केळी, आणि धरणाचं पाणी जिथवर चढलं असेल तिथं संपणारा रस्ता.

वेळापत्रक माझं असायचं. कुठे थांबायचं, कुठे मुक्काम, पंक्चरचं सामान कुणाकडे, हे मी ठरवत असे. घाट चढतानाही मीच पुढे असे. मुकुंद मागे रेंगाळायचा. कुणाच्या म्हशीचं कौतुक कर, कुणाच्या ओसरीवर शेंगा सोल, असं त्याचं चालायचं. मी गावाच्या टोकाला घड्याळ बघत उभा असे. तो आला की सोबत चार माणसं असायची, आणि ती मला विचारायची, "तम भी भिया का साथ छो कांई?" भिया म्हणजे भाऊ, आणि तो मुकुंद. मी या भागातल्या बुडितक्षेत्रावर वर्षानुवर्षं लिहिलं होतं. कोणत्या गावात पाणी कधी शिरलं, हे मला तोंडपाठ होतं. गावाला मात्र मी पाठ नव्हतो. मुकुंद वर्षातून एकदा यायचा आणि त्याचं नाव मुलांनाही माहीत होतं. याचा मला हेवा वाटे. तो कधी कमी झाला नाही, म्हणून इथे नोंदवतो.

केसरबाईची ओळख अशाच एका फेरीत झाली. तिचं गाव तेव्हा जुन्या जागी, काठावर होतं. आम्ही पोचलो तेव्हा तिच्या दारी मांडव होता, थोरल्या मुलीचं लग्न होतं. निमाडात अशा वेळी मुलीचा मामा मामेरा घेऊन येतो. म्हणजे बहिणीसाठी चुनरी आणि भाचीसाठी कपडे. दारात बाजोट, म्हणजे लाकडी पाट, मांडतात. भावानं त्यावर उभं राहायचं, बहिणीनं त्याला टिळा लावून ओवाळायचं आणि त्यानं तिच्या डोक्यावर चुनरी घालायची. केसरबाईचा एकुलता भाऊ आदल्या वर्षी वारला होता. तरी तिनं बाजोट मांडला होता. हातात ताट घेऊन ती त्या रिकाम्या पाटासमोर उभी होती, बायका गात होत्या आणि ती रडत होती.

मला हा रिवाज ठाऊक होता. त्यावर मी एकदा लेखही लिहिला होता. म्हणून मी रस्त्यापलीकडेच थांबलो. मुकुंदला काहीच ठाऊक नव्हतं. मराठी घरात वाढलेल्या माणसाला पाट आणि निरांजनाचं ताट दिसलं की औक्षणच आठवतं. आलेल्या पाहुण्यांना ओवाळताहेत, अशी त्याची समजूत झाली. त्यानं सायकल भिंतीला टेकवली, चपला काढल्या आणि सरळ जाऊन पाटावर उभा राहिला. वर हात जोडून म्हणाला, "लो जीजी, हो जाए!"

गाणं थांबलं. एक म्हातारी ओरडली, "अरे, यो कुण छे?" केसरबाईनं त्याच्याकडे पाहिलं. तिनं त्याच्या कपाळाला टिळा लावला, तांदूळ लावले आणि ओवाळलं. मग ती मान खाली घालून तशीच उभी राहिली. आपण कुठे उभे आहोत, हे त्या म्हातारीनंच मुकुंदला समजावलं, "अब उतरणू नी। पेलां बेण ख ओढाव।" बहिणीला ओढव, मगच उतर. मुकुंदनं गळ्यातला घामानं भिजलेला गमछा काढला आणि तिच्या डोक्यावर घातला. बायका हसल्या, रडल्या आणि पुन्हा गायला लागल्या. मी दोन सायकली धरून रस्त्यावर उभा होतो.

त्या रात्री जेवताना मी त्याला म्हणालो, "तुला कळलं का तू काय केलंस? आता दर लग्नाला यावं लागेल."

"तर येऊ ना भिया," तो म्हणाला. "तुला माहीत होतं, तर तू का नाही उभा राहिलास?"

"कारण मी तिचा भाऊ नव्हतो."

"मी तरी कुठे होतो?" असं म्हणून त्यानं आणखी एक भाकरी मागितली.

पुढे पाणी वाढलं आणि ते गाव वर माळावर हललं. एकसारखी घरं, एकसारख्या गल्ल्या. लोकांनी जुन्या घरांची दारं चौकटींसकट बैलगाड्यांवर नेली आणि नव्या भिंतींत बसवली. मी नकाशा काढून केसरबाईचं घर शोधत होतो. मुकुंदनं दार ओळखलं, कारण पूर्वी कधीतरी त्यानं त्याचं चित्र काढलं होतं. मधल्या मुलीच्या लग्नाला त्यानं चुनरी, साडी आणि बांगड्यांचा डबा सायकलच्या कॅरिअरला बांधून नेला. घाटात दोनदा दोरी सुटली. मी म्हणालो, बसनं जाऊ. "बहीण सायकलवाल्याची वाट बघतेय," तो म्हणाला. त्याही वेळी मी मांडवात बसून उत्तम दाल-पानिये, म्हणजे डाळ आणि पानांत भाजलेल्या मक्याच्या भाकऱ्या, खाल्ले आणि पाहुणा म्हणून परत आलो.

धाकट्या संगीताचं लग्न ठरलं होतं आणि मुकुंदनं चुनरी आणून ठेवली होती, हे मला तेराव्यानंतर कळलं. वहिनींनी कपाटातून ती काढून पलंगावर ठेवली. मरून रंगाची, काठाला गोट्याची जरीपट्टी. केसरबाईला त्यांनी फोनवर सगळं सांगितलं होतं. तिनं लग्न पुढे ढकलायची तयारी दाखवली होती, वहिनींनी ढकलू दिलं नाही. आता बाजोटावर कोण उभं राहणार, एवढंच उरलं होतं. मुकुंदला सख्खा भाऊ नाही. मुलगी परदेशात, ती नुकतीच परत गेली होती.

"मी जातो," मी म्हणालो. जरा लवकरच म्हणालो असेन. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं.

"जा की. सायकल मात्र यांची न्या. बसनं पोचलेला मामेरा तिला चालणार नाही."

ती जागा मला हवी होती. ती आता रिकामी होती आणि मुकुंदचा सर्वात जुना मित्र मीच होतो. घाटात त्याची जड सायकल हातात धरून उतरताना मी म्हणायचे शब्दही ठरवून ठेवले. जीजी, मी मुकुंदसारखा नाही, पण... धरमपुरीच्या घाटावर नावाड्यानं सायकल ओळखली आणि मला विचारलं, "भिया पाछे आवे छे?" मी खरं ते सांगितलं. पलीकडे उतरताना त्यानं सायकल स्वतः उचलून वाळूवर ठेवली.

केसरबाई दारात उभी होती. समोर बाजोट मांडलेला. तिचे केस पांढरे झाले होते. मी कॅरिअरवरची चुनरी सोडायला लागलो, तसं तिनं हातानं थांबवलं. ती सायकलजवळ आली, हँडलवर हात ठेवला आणि पुढचं चाक बाजोटाकडे वळवलं. काय करायचं आहे, हे आमच्यापैकी कुणालाच सांगावं लागलं नाही. मी चाक उचलून पाटावर ठेवलं. सायकल डुगडुगली, म्हणून मागून सीट धरली.

तिनं हँडलला टिळा लावला, तांदूळ चिकटवले आणि ओवाळलं. बायका गात होत्या. मग तिनं दोरी स्वतः सोडली, चुनरी उलगडली आणि स्वतःच्या हातानं डोक्यावर घेतली. तिच्या बोटाला थोडं कुंकू उरलं होतं. ते तिनं पदराला पुसलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "साब, तम थाकी गया होगा। बठो, पाणी पियो।"

संगीताची पाठवणी नीट झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो तेव्हा सायकल ओसरीवर, दाराला टेकून होती. हँडलवर तांदळाचे दाणे होते. मी ती उतरवायला गेलो, तशी केसरबाई आतून आली. पीठ लागलेला हात तिनं सीटवर ठेवला.

"म्हारो भई घर आयो छे," ती म्हणाली. "थोड़ा दिन रेण दो।"

मी धरमपुरीहून बसनं धारला आलो. वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, राहू दे.