सहावी ओळ

चौथी शिकलो अन् धंतोलीतल्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायले लागलो. तीस वर्षं उभ्यानं काम केलं. दवाखान्यांचे केसपेपर, डॉक्टरांचे पॅड, सारं इंग्रजी. मले इंग्रजी येत नाही. अक्षर ओळखू येते, तेही खिळ्यावर असते तसं उलटं. बायको जवळच्याच दवाखान्यात आया होती. दुपारी ती डबा घेऊन यायची, दोघं सोबत जेवायचो.

ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा मालकानं कॉम्प्युटर आणला. शिकवणारा दोन दिवस राहिला अन् गेला. त्यानं एक कामाची गोष्ट सांगितली. लिहायच्या प्रोग्राममध्ये आपला मेनू आपणच बनवायचा. खाली ओळ टाइप करायची: मेनू ॲड, मग आपल्या मनाचं नाव, स्वल्पविराम, मग काम. एंटर मारला की वरच्या पट्टीत ते नाव येते. पुढं रोज तेवढं नाव दाबायचं. काढायचं असलं तर मेनू डिलीट. मले ते पटलं. खिळ्यांच्या लाकडी पेटीत, केसमध्येही, जास्त लागणारं अक्षर हाताजवळच्या खणात असते.

पॅड, केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, चिठ्ठी, छपाई, अशा पाच ओळी मी टाकल्या. विसरू नये म्हणून संध्याकाळी हुडकेश्वरच्या घरी मोठ्यानं म्हणायचो. वहीत लिहायची लाज वाटे. बायको मेथी निवडता निवडता ऐकायची.

"नाव कोणतंही चालते का जी?"

"कोणतंही."

"मग एक 'घरी' ठेवा. दाबलं की काम जपून ठेवलं, मशीन बंद, माणूस घरी. नाही तर तुमी काही तिथून हालत नाही."

ठेवलं. ती सहावी ओळ.

आता माझी अक्कल ऐका. खिळ्यांच्या धंद्यात काम छापून झालं की जुळवलेलं सोडायचं, एकेक खिळा आपल्या खणात परत टाकायचा. तसं न करता घरी जाणारा माणूस आळशी. तर शनिवारी काम आटोपल्यावर मी मेनूही सोडला. सहाही नावं एकेक करून डिलीट केली अन् हात झटकून निघालो.

सोमवारी पट्टी रिकामी.

मालक म्हणाला, "काका, मेनू कुठं गेला?"

"सोडला न."

"सोडला म्हणजे?"

"काम झालं होतं."

त्यानं कपाळावर हात मारला. "संध्याकाळी दवाखान्याचे केसपेपर गेले पाहिजेत. नाही गेले, तर उद्या मी ऑपरेटर शोधतो. तुमी येऊ नका."

मी बसलो अन् पहिलीच ओळ टाइप केली. मशीन म्हणे चूक. पुन्हा केली, पुन्हा चूक. दहा वेळा झालं. मालक मागं उभा. खिळे जुळवणारी हजार माणसं असतात, चाळिशी उलटल्यावर दुसरा धंदा कोण देणार?

दुपारी बायको डबा घेऊन आली. माझं तोंड पाहून म्हणाली, "काहून, काय झालं?"

सांगितलं. ती स्टुलावर बसली. "म्हणा बरं ओळ."

"मेनू ॲड पॅड ओपन पॅड."

"अशी नाही म्हणत तुमी. पहिल्या पॅडवर दम घेता. रोज घेता."

तिथंच स्वल्पविराम होता. मी तिथं मोकळी जागा सोडत होतो, खिळ्यांच्या सवयीनं; पहिल्या वेळी शिकवणारा बाजूला होता म्हणून चुकलं नव्हतं. स्वल्पविराम टाकला, एंटर मारला. पट्टीत पॅड उभं राहिलं. बाकीच्या ओळी तिनं एकामागून एक, दम घेऊन, म्हणून दाखवल्या.

मालक म्हणाला, "काकू, तुमाले इंग्रजी येते?"

"छे जी. याइचं बडबडणं येते."

साडेपाचला केसपेपर गेले. ऑपरेटर आला नाही. मालकानं फक्त एवढं म्हटलं, "काका, आता काही सोडू नका." त्या मशीनवर मी रिटायर होईपर्यंत काम केलं.

तिले जाऊन दोन वर्षं झाली. पहिले सहा महिने मी चौकात बसून राहायचो, घराचं कुलूप काढवत नव्हतं. आता दिवे लागायच्या वेळी सहावी ओळ तोंडानं म्हणतो. मेनू ॲड घरी, इथं दम घेतो, अन् उठतो. घरी जाऊन मेथी निवडतो. परवा भाजी जमली. तिच्यासारखी नाही, पण जमली.