पगारी माकड

तुम्हाला वाटेल, मास्तराची गोष्ट म्हणजे फळा असणार, छडी असणार. नाही यार. यात मी माकड आहे. पगारी.

"मास्तर, तुम्ही फक्त करून दाखवा. तोंड उघडू नका. मुलांचे कान बिघडतात."

मिस हे पोरांसमोर बोलल्या. मी नुसतं ‘गुड मॉर्निंग’ म्हणालो होतो, मालवणी हेलात. पोरं हसली. मीपण हसलो. नोकरी कच्ची होती.

एकोणीसशे सत्तरनंतरची गोष्ट. घाटकोपरची नवी इंग्रजी शाळा. पहिलीच्या एकाच वर्गावर दोन मास्तर, नवी पद्धत म्हणे. मिस इंग्रजीत बोलणार, मी ते अंगाने करणार, पोरं माझं बघून करणार. ‘जम्प’ म्हटलं की मी उडी मारायची. ‘मंकी’ म्हटलं की बगल खाजवायची. कणकवलीला नकलांची बक्षिसं घेतलेला गडी मी. मास्तरकीचं ट्रेनिंगपण पास.

विक्रोळीच्या खोलीत आई विचारायची, "इंग्रजी शिकवतंस मां?"

"होय गे." आणि मान खाली घालून जेवायचो.

मधल्या सुट्टीत पोरं घेरायची. "सर, मिस करा ना." मी हुबेहूब मिस करायचो. तेच इंग्रजी, तोच नाकातला सूर. तेव्हा कुणाचे कान बिघडायचे नाहीत.

मग पालकांना वर्ग दाखवायचा दिवस आला. मागे पालक, हेडमास्तर. मिसनी ओळख करून दिली, "हा आमचा हेल्पर."

हा.

खेळ झाला. एक बाई पोराला म्हणाली, "बेटा, मंकीला टाटा कर."

"सिट डाऊन," मिस म्हणाल्या.

मी बसलो नाही. ठरवलं काहीच नव्हतं. गुडघेच वाकेनात. पोरं माझ्याकडे बघत उभी. मिस परत म्हणाल्या. एकपण बसेना.

मिसचा आवाज मला काढता आला असता. नाही काढला. माझ्याच आवाजात, कणकवलीच्या तोंडाने म्हणालो, "सिट डाऊन, बाळांनो."

मी उभाच होतो. तरी सगळी बसली.

हेडमास्तरांनी ऑफिसात घेतलं. "शरम नाही वाटत? मुलं तुमच्यासारखं बोलायला लागली तर पालक काय म्हणतील? वर्गावर जायचं तर मुक्याने जा."

मी म्हणालो, "यापुढे कुठल्याही वर्गावर गेलो, तर तोंडासकट जाईन."

"मग उद्यापासून येऊ नका," ते म्हणाले. "आणि जाताना आवाज करू नका. वर्ग चालू आहेत."